पाकिटाची पाठ वाचणारं भिंग

"चार महिने, आपा! चार महिने माझी पोरगी डुक्कर खातेय! आणि तेही कुराणाचा सबक झाल्यावर, बक्षीस म्हणून, तुमच्या हातून!"

आपाची भावजय ओरडत होती. तिच्या हातात सुई तशीच होती. आपा खुर्चीत बसलेली. मी टेबलावर, आपाच्या हातातून जिथं सुटलो तिथंच पडून.

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. काळी मूठ, पितळी कडं, कडेला तांदळाएवढा टवका. उन्हात धरलंत तर कागद पेटवतो, आणि स्वभावही तसलाच आहे, लगेच तापतो. पण त्या दुपारी मी तापलो नाही. गार पडलो. अजून गारच आहे. म्हणून काय झालं ते पटापट सांगतो.

मला घडवलं एका कारखान्यात. काच घासली, घासली, पुन्हा घासली, एवढी की मला वाटलं आता माझं पाणी होणार. मग मी एका चष्मेवाल्याच्या काउंटरवर आलो. चष्म्याच्या काचांवरचे ओरखडे बघायचं काम. तिथं आपा आली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, डोळे अधू होत चाललेले. चष्मेवाला म्हणाला, "ताई, चष्मा देतो, पण बारीक अक्षर काय दिसायचं नाही." आपा म्हणाली, "मला बारीकच वाचायचंय. मोठं तर सगळेच वाचतात." चष्मेवाला हसला आणि त्यानं मला तिच्या हातावर ठेवलं. असाच, फुकट.

तिला बारीक काय वाचायचं होतं ते किराणा दुकानात गेल्यावर कळलं. पाकिटांची पाठ! मुंगीसुद्धा चष्मा मागेल एवढं बारीक लिहितात हो तिथं. आपा एक-एक पाकीट उलटं करायची, मला नाकापुढं धरायची आणि आत काही हराम नाही ना ते वाचायची. आणि मला एकावर एक धक्के. लाल गोळीचा लाल रंग कशाचा? वाळवलेल्या किड्यांचा! बटाट्याच्या कापांवर चीजची भुकटी, आणि ते चीज कशानं घट्ट केलेलं? वासराच्या पोटातल्या रसानं! केकमध्ये वास यावा म्हणून दारू! पुढच्या बाजूला फुलं, गाय, हसणारं बाळ. मागं हा सगळा कारभार. मला तर वाटायचं, पुढच्या बाजूला कोणीतरी ओढून थोबाडीत द्यावी.

दुकानदार टोमणे मारायचा. "आल्या का परीक्षा घ्यायला? एखादं तरी पास करा हो, माझी बायकापोरं आहेत!"

"तुझी बायकापोरं खातात का हे?"

"छे! मी घरी नेत नाही असलं काही."

"मग गप बस."

आपा ज्या इमारतीत राहते तिथं सहा घरांतली पोरं दुपारी तिच्याकडे कुराण शिकायला येतात. तिची बाहेरची खोली तेवढा वेळ नुसती किलबिलते. सबक, म्हणजे त्या दिवसाचा धडा, नीट म्हटला की एक जेलीची गोळी. ती गोळीही आपानं माझ्याकडून तपासून घेतली होती. पेक्टिन घातलेली, म्हणजे फळांच्या सालीतून काढतात ते. चोख. मी स्वतः वाचलंय, मी साक्षीदार आहे.

हळूहळू आपाचं नाव झालं. पोरांच्या आया विचारायला यायच्या, "आपा, हे चालेल का? आपा, ते चालेल का?" रोज किती जणींना सांगणार? मग आपानं युक्ती काढली. पास झालेल्या पाकिटाची पुढची बाजू कात्रीनं कापायची आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. बाया बाजारात जाताना दार उघडून बघायच्या, चित्र डोक्यात ठेवायच्या, आणि तसंच पाकीट आणायच्या. दार भरत गेलं. आपा ऐटीत. मला पुसायची, "माझा जासूस" म्हणायची.

चूक इथंच झाली. बघा हं. पुढची बाजू दाराला, आणि मागची बाजू कुठं? कचऱ्यात!

एकदा दार भरलं आणि माझं काम संपलं. मी खणात. रबरं, संपलेल्या बॅटऱ्या, एक मोडकी कंगवी आणि मी. दोन वर्षं! कोणी धूळसुद्धा पुसली नाही. मी चिडून चिडून थकलो. बाहेर पोरांचा आवाज यायचा, गोळ्यांच्या पाकिटाची चुरचुर ऐकू यायची, आणि मी आत झोपलेला.

मग ती दुपार. पोरं सबक म्हणून घरी गेलेली. आपाच्या बोटात लाकडाचं कुसळ घुसलं. भावजय वरच्या मजल्यावरून सुई घेऊन आली. म्हणाली, "आपा, ते तुमचं भिंग काढा, मला काही दिसत नाही." दोन वर्षांनी खण उघडला. आपानं मला ओढणीनं पुसलं, बोटावर धरलं. बोट टेबलावर. टेबलावर गोळ्यांचं रिकामं पाकीट, पालथं पडलेलं.

कुसळ मला दिसलंच नाही. मला बोटाच्या बाजूची ओळ दिसली. जिलेटीन. म्हणजे जनावराची कातडी-हाडं उकळून काढलेला चिकट रस. कुठल्या जनावराची ते पुष्कळदा लिहीतच नाहीत. यांनी कंसात लिहिलं होतं. डुकराची.

मला ओरडायचं होतं! तोंड कुठंय मला? मी फक्त मोठं करून दाखवू शकतो. दाखवलं. आपाचं बोट बाजूला झालं, आणि पूर्ण ओळ माझ्याखाली आली. दोघींनी एकदमच वाचली.

आपानं पाकीट सुलटं केलं. तीच चित्रं, तोच रंग. फक्त कोपऱ्यात पिवळी चांदणी, 'आता आणखी मऊ!' ती चांदणी सगळ्यांनी बघितली होती. पोरं तर खूश झाली होती. पेक्टिन काढून हे घातलं म्हणून गोळी मऊ झाली, हे उलटून कोणी बघितलं नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला!" भावजयीचा आवाज फाटला. "पाकीट जरा वेगळं दिसतंय का म्हणून. काय म्हणालात? 'दारावर आहे ना? मग झालं!' "

"म्हणाले," आपा एवढंच बोलली.

भावजय रडली, बोलली, पुन्हा रडली. मग एकदम आवाज खाली आणला. "ऐका. बाकीच्यांना सांगू नका."

मी चाट पडलो. आत्ता घर डोक्यावर घेत होती ती!

"नकळत झालंय, आपा. नकळत झालेलं अल्ला माफ करतो. पण सांगितलंत ना, तर उद्या एक पोर तुमच्या दारात येणार नाही. तुम्ही एकट्या काय करणार या खोलीत?"

आपानं त्या चटईकडं बघितलं जिथं पोरं बसतात. मग म्हणाली, "नकळत होतं ते मघापर्यंत. आता मला कळलंय."

"आपा, माझं ऐका..."

"कुसळ राहू दे. चप्पल कुठाय माझी?"

एका हातात पाकीट, एका हातात मी. जिना चढताना आपा दोनदा थांबली. भावजय मागून आली, डोळे पुसत. "एकट्या कुठं चाललात? मी पण येते," म्हणाली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. पुढची बाजू सगळ्यांशी गोड बोलते. पाकीट उलटं करा. काल वाचलं असलं तरी आज पुन्हा वाचा. आणि घरात भिंग असेल तर त्याला खणात कोंडू नका, माझ्यासारखं.

पहिलं दार शिंपिणीचं. गळ्यात टेप, ओठात दोन टाचण्या. आपानं सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. "चूक माझी आहे," म्हणाली. शिंपिणीनं टाचण्या ओठातून काढल्या.

"माझा पोरगा तर दोन-दोन खायचा. एक मागून, एक चोरून."

कोणी हसलं नाही.

"उद्या त्याला पाठवीन की नाही, मला आत्ता सांगता यायचं नाही, आपा."

"बरोबर आहे तुझं."

शिंपिणीनं हात पुढं केला. "ते भिंग द्या इकडं. घरात जे जे पाकीट आहे ते मी स्वतः बघते. आता कोणाच्या दारावर विसंबायचं नाही मला."

आपाची बोटं माझ्या मुठीवर जरा घट्ट झाली. मग सुटली. तिला अजून चार दारं बाकी आहेत, आणि तिथं ती माझ्याशिवाय जाणार आहे. शिंपिणीनं स्वयंपाकघरातलं पहिलं पाकीट उलटं केलंय. मला आता जायला हवं.