मावशी ‘येते’ म्हणाल्या म्हणून

मित्रांनो, मी एक जुनी बेडी आहे. नाकं मुरडू नका. तरुणपणी मी खरेखुरे दरोडेखोर धरलेत. तेव्हाचे अधिकारी मला निगुतीनं तेल घालत. पुढे माझं नशीब फुटलं आणि परदेशातून आलेल्यांचे कागद तपासणाऱ्या एका साहेबांच्या पट्ट्याला मी लटकले. रुबाब विचारू नका! बूट चकाचक आणि डोक्यात भुसा.

एका सकाळी साहेब लॉन्ड्रीत घुसले. तिथल्या इस्त्रीवाल्या मावशी परदेशातून आलेल्या, पण केस इथेच पांढरे झालेले.

“वॉरंट दाखवा,” त्यांच्या लेकीनं अडवलं.

“वॉरंट आणायला गेलो तर ही बाई पळून जाईल!”

पळून? अहो, मावशींना स्टुलावरून उठायला टेबलाचा आधार लागत होता. त्यांनी आधी इस्त्री बंद केली, कुणाचा तरी सदरा जळू नये म्हणून. मग साहेबांनी मला त्यांच्या मनगटांत अडकवलं. जाताना त्या लेकीला म्हणाल्या, “येते गं.”

लेकीनं वकीलबाई गाठल्या आणि अटकेला कोर्टात आव्हान दिलं. हरली असती तर आईला थेट देशाबाहेर काढलं असतं.

कोर्टात मावशी माझ्यासकट उभ्या होत्या, तरी साहेबांनी सूरच बदलला. “अटक कसली? बाई राजीखुशीनं आल्या. ‘येते’ म्हणाल्या, मी स्वतः ऐकलं.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला! मग मी मावशींच्या हातांत काय बांगडी म्हणून बसले होते?

वकीलबाईंनी विचारलं, “साहेब, घरातून निघताना तुम्ही बायकोला काय म्हणता?”

“येतो म्हणतो. ‘जातो’ कोण म्हणतं?”

“मग मावशीही लेकीला तेच म्हणाल्या. तुम्हाला नव्हे.”

सगळे खो खो हसले. न्यायाधीश हसले नाहीत. “वॉरंट नाही, पळून जाण्याची भीती नाही, संमतीही नाही. अटक बेकायदा आहे. यांना आत्ता सोडा.”

साहेबांना माझी किल्लीच सापडेना! भर कोर्टात खिसे चाचपत बसले. लाज वाटली मला, असल्या माणसाच्या पट्ट्याला लटकायची.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, असल्या साहेबाच्या हाती असेन तर मला खुशाल गंजू द्या. जपायचाच असेल तर मला उघडायला लावणारा तो कायदा जपा.

अखेर मी उघडले. मावशींनी मनगटं चोळली, दारापाशी उभ्या लेकीच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आले गं.”