अकरा नर्स आणि पेपरमिंटची गोळी

ऐक ना डेझ, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. तू तिकडे अटलांटाला जाऊन बसलीस आणि इकडे आपला दवाखाना बंद करायला निघाले होते. सरकारकडे पैसे नाहीत म्हणे. तो गेला की पुढचा थेट राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरीला, तेही गाडी असेल तर. आणि माझ्या आजीचं इन्सुलिन इथूनच मिळतं.

तर बंद करण्याआधी पाहणी करायला राजधानीतून एक साहेब आला. कोल्बी नावाचा, गोरा, अगदी कोवळा, मानेला टाय आवळलेला. आपल्या पास्टर स्टोक्सना वाटलं, रविवारी चर्चमध्ये बोलवू, पोटभर जेवू घालू, म्हणजे किती लोकांना गरज आहे ते दिसेल त्याला. पहिल्याच बाकावर बसवला.

आता आपल्या चर्चच्या नर्स तुला माहितीच आहेत. पांढरा ड्रेस, पांढरे मोजे, डोक्यावर टोपी, आणि काम काय, तर गाताना कुणाच्या अंगात पवित्र आत्मा आला की वारा घालायचा. आजी त्यांची मुख्य.

गाण्याला रंग चढला आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनच्या बायकोच्या अंगात आलं. धाडकन आडवी. सगळ्या धावल्या. एकीने चष्मा काढला, एकीने गुडघ्यांवर चादर टाकली, दोघींनी पंखे हलवले, आजीने तोंडात पेपरमिंट सरकवलं. जरा वेळात बाई उठून टाळ्या वाजवायला लागल्या. कोल्बी बघतच राहिला.

जेवताना तो आजीजवळ आला. "किती वर्षं नर्स आहात, मॅडम?"

"साठ तरी झाली असतील, बाळा."

"आणि ड्युटी कधी संपते?"

"देवाच्या घरी कसली ड्युटी संपतेय? चिकन घे अजून."

त्याने चिकनही घेतलं आणि हे सगळं लिहूनही घेतलं.

मग दवाखान्याचं काय ते ठरवायला कोर्टहाउसमध्ये सरकारी समितीची बैठक. अख्खं गाव जमलेलं. हा कोल्बी उभा राहून म्हणतो कसा, "या भागात अकरा नर्स आहेत. रुग्ण जमिनीवर पडायच्या आत पोचतात. सरकारला खर्च शून्य. मग दवाखाना हवाय कशाला? उलट हीच पद्धत राज्यभर लागू करावी."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण समितीच्या अध्यक्षबाईंनी चक्क मान डोलावली.

मागून ओटिसकाका म्हणाले, "मग माझ्या किडनीलाही जरा वारा घाला."

सगळे हसले. अध्यक्षबाई नाही हसल्या. "त्या मुख्य नर्स आल्यात का?"

आल्या होत्या ना, टोपी घालून. त्या टोपीचं तुला कधी सांगितलंय का? आजीला खरीखुरी नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या शाळेने दारातूनच परत पाठवलं, काळ्या मुली घेत नाही म्हणून. मग चर्चने टोपी दिली, आणि तेव्हापासून ती गावाची नर्स वेल्मा. घरी टोपीला वेगळा डबा आहे, माझी हात लावायची टाप नाही.

तर अध्यक्षबाई तिला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही नर्स आहात की नाही? एका शब्दात सांगा."

हो म्हटलं की दवाखाना गेला. नाही म्हटलं की टोपी गेली. पास्टर छताकडे बघत होते.

आजीने एकेक पिन काढली. मग टोपी काढली. "नाही," म्हणाली. "आम्ही अकरा जणी मिळून कुणाचं साधं बीपी मोजू शकत नाही. वारा मात्र छान घालतो. तुम्हालाही घाम आलाय, घालू का?"

दवाखाना राहिला. म्हणजे वर्षभर, मग पुन्हा पाहणी. आणि चर्चला ताकीद, नर्स हा शब्द वापरू नका, सरकारची दिशाभूल होते. दिशाभूल आम्ही केली म्हणे.

पुढच्या रविवारी आजी निळ्या ड्रेसमध्ये, शेवटच्या बाकावर. मी टोपीचा डबा गुपचूप पर्समध्ये घालून नेला होता. कुणाच्या तरी अंगात आलं, बाकीच्या दहा जणी आजीकडे बघतायत, आणि ही गाण्यांच्या पुस्तकात डोकं घालून.

"आजी, टोपी घाल ना गं."

"मी नर्स नाही, जमिया. सरकारदरबारी सांगून आलेय."

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी उभी राहिले आणि तिथेच पडले. अंगात बिंगात काही आलं नव्हतं, डेझ. देवाच्या घरात, डोळे मिटून, चक्क खोटं. आधी काहीच झालं नाही. मला वाटलं, आता अशीच पडून राहणार. मग गालाला वारा लागला. गुडघ्यांवर चादर आली. ओठांत पेपरमिंट. आणि कानाशी आजी, अगदी हळू, "नाटकी कुठली. टोपी कुठंय?"

मी डोळे न उघडता पर्सकडे बोट दाखवलं.

तेच पास्टरच्या बायकोने पाहिलं. आता म्हणते, पवित्र आत्म्याची थट्टा केलीस, रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून माफी माग. आणि आजी घरी त्याच रविवारसाठी टोपीला इस्त्री करतेय. माझं पडणं खोटं होतं असं सगळ्यांसमोर म्हटलं, तर ती टोपी पुन्हा डब्यात जाईल.

तूच सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस?