पायडलवरचा पाय

“त्या जीपला काडी लाव, न्हाईतर भंगारात घाल, पर तिच्यात बसून तू बोरखिंड उतरायची न्हाई!”

आसं मी भिमराजला बजावलं, तवा माझ्या हातात शेनानं भरलेला खराटा व्हता, म्हनून तो जरा लांबच हुबा ऱ्हायला. भिमराज म्हंजे माझा धाकटा दीर. भोसरीला एका कारखान्यात लेथवर काम करायचा. चाकनपासून आत, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. वाडीतले नऊ जन कंपन्यांत लागले व्हते, पर यस्टी खिंडीच्या खालीच थांबायची. पावसाळ्यात तर गुडघाभर चिखल. पयल्या पाळीला पोचायचं म्हंजे कोंबडं आरवायच्या आदी निघावं लागायचं.

“वैनी, आनखी दोन खाडे झाले तर घरी बसवतो म्हंतोय सुपरवायझर. चारी चाकांनी चिखल वडनारी गाडी दारात, आन् आमी पायी मरायचं व्हय?”

“ती तुज्या भावाला खाऊन दारात बसलीया, इसरलास का?”

तो पायानं माती उकरत ऱ्हायला.

आमचे मालक, साहेबराव, लष्करात डायवर व्हते. पेन्शनीत आले तवा खडकीच्या लिलावात ही डिस्पोजलची जीप घेतली. रोज सकाळी फडक्यानं पुसायचे. मी म्हनायची, “आवं, एवढं कवा माझं तोंड तरी पुसलं का?” तर हसायचे. वाडीतली मान्सं ते कंपनीपातूर सोडायचे, आन् येताना कुनाचं खत, कुनाची बाळंतीन, काय आसंल ते घिऊन यायचे. दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. खिंडीतल्या वळनावर बिरेक गेला. मालक वरडले, “उड्या टाका!” सात मान्सं उड्या टाकून वाचली. मालकांनी उडी टाकली न्हाई. खालनं बैलगाड्या चढत व्हत्या, म्हनून त्यांनी जीप दरडीवर घातली. स्टेरिंग छातीत बसलं. संपलं.

तवापसनं दोन वर्सं जीप घराच्या मागं, भितीला लागून पडलेली. आन् राती आवाज यायचा. करकच. करकच. कुनीतरी पायडल दाबतंय, सोडतंय. वाटनं जानाऱ्यानं ऐकला, शेजारच्या गिरजाबाईनं ऐकला. साहेबराव अजून बिरेक मारतोय, म्हनायची वाडी. पोरं त्या बाजूला फिरकत नव्हती. मीबी झोपंतनं दचकून उठायची, कान द्यायची, तर आवाज बंद. भ्या वाटायचं. पर खरं सांगते, बरंबी वाटायचं. आवाज आला म्हंजे मानूस कुटंतरी हाय.

माझं भ्या येगळंच व्हतं. ते मी कुनाला, सासूलाबी सांगितलं नव्हतं.

भिमराज काय ऐकला न्हाई. आठ दिसांनी भोसरीतनं शफी मिस्त्रीला घिऊन आला. शफी मालकांचा जोडीदार, जीपचं सारं काम तोच करायचा. पयलं चाकनला त्याचं गॅरेज व्हतं, मालकांच्या मातीला आला, ढसाढसा रडला, आन् महिन्याभरात गॅरेज मोडून भोसरीला नोकरीला गेला. तवापसनं आमच्या दारात पाय नव्हता. आता आला तो मान खाली घालून. पिशवीत बिरेकची नवी रबरं आन् सील न फोडलेला बिरेक-आईलचा डबा.

दुपारपातूर त्यानं जीप खोलली. पायडल गंजून पार पत्र्याला चिकटलेलं, त्याची स्प्रिंग तुटलेली. हे हलतच नव्हतं, मग राती दाबत कोन व्हतं?

शफीनं सारं सुटं केलं, पुसलं, नवी रबरं घातली, स्प्रिंग बसवली. आभाळ भरून आलं व्हतं, वारं पडलं व्हतं, आंग नुसतं घामानं चिकट. “भिमराज, पेट्रोल आन जा,” म्हनून त्यानं त्याला कॅन दिऊन चाकनला धाडलं, आन् मग माझ्याकडं बघून म्हनला, “वैनी, आता नळ्यांतली हवा काढायची हाय. एकानं पायडल दाबायचं, एकानं चाकामागचं निपल खोलायचं. तुमी बसता का?”

मी मागं सरले. “दुसरं कुनी बग.”

“ह्या गाडीत दुसरं कोन बसतंय?”

सासू, चिमाबाई, वसरीवर शेंगा फोडत व्हती. म्हनली, “बस की गं. तुजा दीर उद्या हिच्यातनं जानार हाय.”

मी बसले. शफी लांबच्या चाकाशी गेला. “दाबा. उचला. दाबा. उचला. आता दाबून धरा!” मी धरलं. त्यानं निपल खोललं, नळीतनं बाटलीत बुडबुडे गेले आन् पायडल पार पत्र्याला टेकलं. “मी म्हनल्याबिगर पाय उचलायचा न्हाई. उचलला की हवा आत जाती, आन् बिरेक लागत न्हाई.” त्यानं निपल आवळलं. “उचला.”

आसं करत तीन चाकं झाली. शेवटचं चाक माझ्याच बाजूचं. शफी खाली आडवा, मला त्याचं नुसतं डोस्कं दिसत व्हतं. मी दाबून धरलं, त्यानं निपल खोललं, पायडल टेकलं. पर त्यानं आवळलं न्हाई. मग चाकामागनं त्याचा हात वर आला. तळव्यावर एक जुनं रबर, भिजून फुगलेल्या चिचोक्यावानी.

“वैनी, हे दुपारी बिरेकातनं काढलेलं. ह्यानं साहेबरावदादा गेले. मागं बिरेक खोलला तवा मी हे रॉकेलनं धुतलं व्हतं. सारं लोखंड रॉकेलनंच धुतो, तसं हेबी धुतलं. भोसरीत गेलो तवा तिथल्या मिस्त्रीनं माझा हात धरला. म्हनला, रबराला रॉकेल लागलं की ते फुगतं, आन् आठ-पंधरा दिसांनी दगा देतं.”

“कवा कळलं तुला हे?”

“दोन वर्सं झाली.”

“आन् आज सांगतोस?”

“धीर व्हत नव्हता. आज तुमच्यानं पाय काढून उठवनार न्हाई, म्हनून बोललो.”

माझ्या डोक्यात जाळ झाला. शेजारी पाना पडला व्हता. वाटलं, उचलावा आन् घालावा त्याच्या टाळक्यात. पर पाय उचलला तर हवा आत जानार, आन् उद्या खिंडीत भिमराज. मी तशीच बसले, आन् माझ्या तोंडातनं माझंच निघालं.

“शफी, मागं तू बिरेक खोललास त्या दिशीबी मीच पायडलवर व्हते. शेळीनं पिठाच्या परातीत तोंड घातलं म्हनून तू म्हनायच्या आदीच मी पाय उचलला. मीच हवा घातली आत. दोन वर्सं मला वाटतंय, माझ्याच पायानं...”

“ते मला ठावं हाय.”

“काय?”

“बुडबुडे दिसले की मला. तुमी शेळी हाकून आलात, तवा ते चाक आपुन परत केलं न्हाई का? पायडल टनक झालं, मगच गाडी दिली. हवा ऱ्हायली आसती तर दादांना दारातच कळलं आसतं. ते तर अकरा दिस चालवत व्हते, वैनी. तुमचा पाय न्हवं. माझा हात.”

आन् तो गडी चाकाखाली तोंड घालून लहान पोरागत रडाय लागला. मीबी रडले. दोन वर्सं माझ्या पायात रुतलेला काटा निघत व्हता आन् त्याच काट्यानं हा रक्ताळत व्हता. माझी पोटरी थरथराय लागली, मांडीत गोळा आला, पर हा ‘उचला’ म्हनंना.

“आरं मुडद्या, निपल आवळ आदी! रडायचं ते मागनं रड. माझा पाय गळाय लागलाय!”

त्यानं डोळे पुसत आवळलं. “उचला.”

“नीट आवळलंस?”

“आवळलं.”

“परत बघ.”

त्यानं परत बघितलं. मग मी पाय उचलला. पायडल दाबून बघितलं, दगडावानी टनक.

“माफ केलं आसं मी म्हननार न्हाई,” मी खाली उतरून म्हनले. “पर आज इथंच ऱ्हा. उद्या पयल्या खेपेला भिमराजच्या शेजारी तू बसायचंस.”

“बसतो,” म्हनला.

दुसऱ्या दिशी झुंजुमुंजु झालं तशी मी खिंडीच्या माथ्यावर जाऊन हुबी ऱ्हायले. जीप उतरली. त्या वळनावर आली, आन् थांबली. जागच्या जागी. खाली शफीनं फडकं हलवून दाखवलं. ती पुढं चाकनकडं गेली.

घरी आले तर सासू चुलीपुढं. माझ्याकडं न बघता म्हनली, “सोजर, काल रातभर तुजी बाज वाजली न्हाई.”

“माझी बाज?”

“व्हय. डोळा लागला की उजवा पाय दाबायचीस, सोडायचीस. बाज करकचायची, भितीपल्याड जीप, लोकांना वाटायचं तीच वाजतीया. जागी झालीस की गप.”

“मग आत्याबाई, दोन वर्सं बोलला का न्हाईत?”

सासूनं लाकूड आत सारलं.

“तुला वाटायचं, माझा ल्योक येतोय. येत न्हाई, हे मी कुटल्या तोंडानं सांगू?”