प्रमुख पाहुण्यांचा परिचय

प्रतापला कुणीतरी मोठा माणूस लागायचाच. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळाचा तो अध्यक्ष झाल्यापासून एकही कार्यक्रम शाल-श्रीफळाशिवाय पार पडला नव्हता. दिवाळीला त्यानं मुंबईचा एक नट आणला, गणपतीत गावचा काउन्सिलमन. त्या बापड्यानं नारळ हातात घेऊन हा घरी कसा उघडायचा असं विचारलं होतं. ह्या संक्रांतीला प्रतापनं थेट आफ्रिकेला हात घातला.

"काकू, इथिओपियाचा माणूस मिळालाय." मालिनीबाईंच्या किचनमध्ये बसून, त्यांचेच तिळाचे लाडू खात तो सांगत होता. "तिथल्या कम्युनिस्ट गव्हर्नमेंटमध्ये मोठा ऑफिसर होता. मागच्या वर्षी पळून आला. आता कॉलेजांत लेक्चर देतो, फ्रीडमवर. टीव्हीवरपण आला होता. तुम्ही तर तिथे टीचर होता, परिचय तुम्हीच करून द्यायचा."

"नाव काय त्याचं?"

"गेताच्यू. पुढचं मला प्रोनाउन्स होत नाही."

मालिनीबाईंनी गॅस बंद केला. "भुवईत खोक आहे?"

"आहे. टीव्हीवर दिसली. ओळखता?"

"माझ्या वर्गात होता."

प्रताप इतका खूश झाला की त्यानं आणखी एक लाडू घेतला. "यार काकू, ही तर लॉटरी लागली. बाकी राजाच्या वेळी तिथे सगळं बरं होतं म्हणतात. ह्या कम्युनिस्टांनी वाट लावली."

"राजाच्या कुत्र्यांना बरं होतं," मालिनीबाई म्हणाल्या. "करते मी परिचय. मराठीत करीन."

"मग काय, मराठीतच. आपण कुणाचाही मराठीतच करतो. पाहुणा हसून मान हलवतो. काउन्सिलमननं नाही का हलवली?"

तो गेल्यावर मालिनीबाईंनी नूअर्कला फोन लावला. तिथे हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुणारी अल्माझ त्यांची एकुलती एक जुनी मैत्रीण होती. तोडक्यामोडक्या अम्हारिकमध्ये, इथिओपियाच्या भाषेत, त्यांनी एवढंच सांगितलं, "गेताच्यू इथे आहे. माझ्यासमोर येणार आहे. त्याला विचारायचं का?"

पलीकडे घरघरणारं मशिन बंद झालं. मग अल्माझ म्हणाली, "विचार."

मालिनीबाई आणि त्यांचे यजमान प्रल्हादराव नागपूरहून इथिओपियाला गेले, कारण सम्राटाच्या शाळांना मास्तर हवे होते आणि भारतात मास्तरांना नोकऱ्या नव्हत्या. डोंगरातलं तालुक्याएवढं गाव. शाळेच्या फाटकासमोर अल्माझची खानावळ. मग दुष्काळ पडला. रस्त्याच्या कडेला माणसं मरून पडू लागली आणि राजधानीत मेजवान्या झडत राहिल्या. दुष्काळ हा शब्द फळ्यावर लिहायचीसुद्धा सोय नव्हती. शेवटी पोरं रस्त्यावर उतरली, जमीन कसणाऱ्याची म्हणून ओरडली, आणि ज्याच्यासमोर म्हातारेकोतारे धुळीत कपाळ टेकायचे तो सम्राट एके दिवशी फोक्सवॅगनच्या मागच्या सीटवर अंग चोरून राजवाड्यातून गेला. त्या संध्याकाळी मालिनीबाईंनी शिरा केला होता. त्याची त्यांना आजही लाज नव्हती.

पण खुर्ची गादीची असो की लाकडाची, ती मोकळी राहत नाही. लष्करवाले येऊन बसले. त्यांनी लाल झेंडा लावला, दाढीवाल्यांचे फोटो टांगले, आणि जे राजाचे कर गोळा करायचे तेच आता क्रांतीची वर्गणी गोळा करू लागले. गेताच्यू गणितात ढ आणि घोषणांत पहिला. तो गावच्या समितीचा अध्यक्ष झाला, कमरेला पिस्तूल आलं. अल्माझचा मुलगा दावित त्याच्याच बाकावर बसणारा, त्याच मोर्च्यात चाललेला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की राजा गेला, आता बंदुका खाली ठेवा आणि लोकांना त्यांचं सरकार निवडू द्या. एवढं म्हणणं पुरलं. गेताच्यूनं त्याला वर्गातून नेलं.

तो मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. क्रांतीच्या शत्रूसाठी रडायचं नाही असा हुकूमच होता. मेल्याची खबर नाही म्हणून चर्चचा पाद्री त्याच्यासाठी प्रार्थना म्हणेना. सुदान तुडवून अमेरिकेला पोचलेली अल्माझ अजून दाराची कडी वाजली की हातातली चादर टाकून उभी राहायची. तिला पोरगा परत नको होता, तेवढी ती खुळी नव्हती. तिला फक्त रडायचं होतं.

संक्रांतीच्या शनिवारी दुपारी हायस्कूलचा कॅफेटेरिया भरला. बाहेर बर्फ, आत काळ्या साड्या, कोपऱ्यात पुलाव आणि गुळाच्या पोळ्या. मालिनीबाई अल्माझला घेऊन आल्या आणि तिला पहिल्या रांगेत बसवलं. पांढरीशुभ्र सुती ओढणी पांघरलेली ती काळी बाई बघून त्यांच्या अतुलच्या बायकोनं, विनीतानं, सासूला बाजूला घेतलं.

"आई, ह्या कोण? आज काही बोलणार नाही ना तुम्ही? अतुलचे ऑफिसमधले लोक आलेत."

"परिचय करून देणार आहे."

"फक्त परिचय ना?"

"फक्त परिचय."

गेताच्यू आला. चांगला सूट, चांगलं पोट. मालिनीबाईंना बघून तो "टीचर" म्हणत पुढे झाला आणि तिकडच्या रिवाजानं त्यानं त्यांच्या दोन्ही गालांना गाल लावले. त्याला खरंच आनंद झाला होता. परदेशी मास्तरीण, तेव्हाही कशात नव्हती, आता कशाला असेल. पहिल्या रांगेकडे त्यानं पाहिलं, पण खानावळवालीचा चेहरा लक्षात ठेवण्याइतकी त्याला कधी गरज पडली नव्हती.

प्रतापनं शाल घातली, नारळ दिला. टाळ्या. मग मालिनीबाई माईकपुढे उभ्या राहिल्या.

"आजचे आपले प्रमुख पाहुणे गेताच्यू," त्यांनी सुरुवात केली. नाव ऐकून पाहुण्यांनी हसून मान लववली. "हे माझे विद्यार्थी. ह्यांच्या देशात राजा होता. दुष्काळात माणसं मेली ती त्यानं लपवली. राजा पडला ते बरंच झालं. त्यानंतर जे आले त्यांनी लपवण्याचे कष्ट घेतले नाहीत. प्रेतं चौकात टाकली. त्यांच्यातले हे एक."

पाहुण्यांनी पुन्हा मान लववली. सभागृहात कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेत आईनं पोराला गप्प केलं, पोरगा "व्हॉट डिड शी से?" विचारत राहिला.

"आमच्या गावच्या समितीचे हे अध्यक्ष. कुणाला उचलायचं ते हे ठरवायचे. दावित नावाचा मुलगा ह्यांनी माझा तास चालू असताना नेला. त्याची आई रोज तुरुंगाच्या दारावर डबा नेऊन द्यायची. पहारेकरी डबा आत न्यायचे, रिकामा परत द्यायचे. ती आई इथे पहिल्या रांगेत बसली आहे."

गेताच्यू हसत होता. आता सगळं सभागृह त्याच्याकडे बघत होतं, आणि इतक्या लोकांनी टक लावून पाहिल्यावर जसं हसू रुंद होतं तसं त्याचं झालं. प्रताप खुर्चीवरून अर्धा उठला. "काकू, थँक यू, आता आपण पाहुण्यांचे विचार ऐकू या."

"तेच ऐकायचेत," मालिनीबाई म्हणाल्या, आणि पाहुण्यांकडे वळून अम्हारिकमध्ये बोलल्या. "गेताच्यू, ही अल्माझ. दावितची आई. दावितचं काय केलंस ते तिला सांग."

हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस निघून गेला. तो इंग्लिशमध्ये माईकसाठी बोलू लागला, की तो फार कठीण काळ होता, आम्ही सगळेच त्या सिस्टीमचे व्हिक्टिम, म्हणून तर मी आज इथे. प्रतापनं सवयीनं मान हलवली.

"त्यांना नको सांगूस. हिला सांग," मालिनीबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या भाषेत सांग."

अल्माझ उभी राहिली. दोन्ही हात ओढणीत धरून नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

गेताच्यूनं घड्याळ पाहिलं. लाजून नव्हे, वैतागून. चुकीच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकासारखा. मग अम्हारिकमध्ये म्हणाला, "त्याच आठवड्यात. गिरणीच्या मागे. इतक्या वर्षांनी काय विचारता? सगळ्या गावाला माहीत होतं."

"मला माहीत नव्हतं," अल्माझ म्हणाली. आवाज अगदी साधा, खानावळीत गिऱ्हाइकाला आणखी काय हवं विचारावं तसा. "मी पाऊसकाळ संपेपर्यंत डबा आणत होते. तो कोण खात होतं?"

माणूस का मारला ह्याचं गेताच्यूकडे टीव्हीवरचं, कॉलेजातलं, चार प्रकारचं उत्तर होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. तो माईकपासून मागे सरला आणि प्रतापला हळूच इंग्लिशमध्ये कोट कुठे ठेवलाय असं विचारू लागला.

अल्माझनं अंगावरची ओढणी काढली, तिचा रंगीत काठ खालून वर घेतला आणि गळ्याशी आणून पुन्हा पांघरली. तिकडे माणूस गेल्यावर बायका काठ असा वर घेतात. मालिनीबाईंनी गावात ते किती दारांत पाहिलं होतं, हिच्या अंगावर कधी नाही. मग अल्माझ जमिनीवर बसली, छातीवर दोन्ही हात आपटले आणि ओरडली. कॅफेटेरियाच्या टाइल्सवरून तो आवाज घसरत शेवटच्या बाकापर्यंत गेला. दावित, दावित, असं ती त्याचं नाव घेत राहिली, हाक मारल्यासारखं नव्हे, निरोप दिल्यासारखं.

काही लोक पोरांना घेऊन बाहेर गेले. काही जेवणाच्या टेबलाकडे सरकले. शेवटी भूक ही भूकच, आणि पुलाव निवत होता. प्रताप घामाघूम होऊन आला. "काकू, हे बरं नाही केलंत. आजचा दिवस गोड बोलायचा. सगळा कार्यक्रम मातीत घातलात."

"माणूस तू बोलावलास. मी फक्त परिचय करून दिला," मालिनीबाई म्हणाल्या.

"पण तो आता चेंज झालाय. तो आपल्या बाजूला आहे."

"तो कायम जिंकणाऱ्याच्याच बाजूला असतो रे. आधी राजाची प्रार्थना म्हणायला वर्गात पुढे हाच असायचा. उद्या इथे दुसरं काही आलं तर त्याचाही हार घालून उभा राहील, आणि तू त्यालाही नारळ देशील."

प्रताप पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला. शाल त्यांच्या खांद्यावर तशीच होती.

मालिनीबाई अल्माझच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. वयाला झेपेल तसा त्यांनीही छातीवर हात मारायला सुरुवात केली, तिकडच्या बायका शेजारणीसाठी मारतात तसा. विनीता पाण्याचा ग्लास घेऊन आली. ती वाकून म्हणाली, "आई, त्यांना सांगा ना शांत व्हायला. लोक बघतायत."

"बघू देत. तिला गप्प करू नकोस. गप्प करणारे पुष्कळ झाले." त्यांनी ग्लास घेऊन बाजूला ठेवला. "बसायचं असेल तर बस, नाहीतर तू जेवून घे."

विनीतानं मागे वळून अतुलच्या ऑफिसमधल्या लोकांकडे पाहिलं. मग जरीची साडी सावरत, अवघडून, ती खाली बसली.