साफ केलेला आवाज

विपुल भोईर पहिल्यांदा स्टुडिओत आला तेव्हाच त्याने दार आतून लावून घेतलं आणि विचारलं, "इथलं बाहेर जात नाही ना काही?"

मैत्रीला वाटलं, तो आवाजाबद्दल विचारतोय. घणसोलीच्या सोसायटीतल्या आपल्या वन बीएचकेची बेडरूम तिने फोम ठोकून स्टुडिओसारखी केली होती. लोक मोबाइलवर, वाऱ्यात, लग्नाच्या हॉलमध्ये काहीबाही रेकॉर्ड करून आणत आणि ती कॉम्प्युटरवर त्यातला गोंगाट काढून बोलणं तेवढं ठेवायची.

"नाही जात," ती म्हणाली. "काय आहे?"

विपुलने फोन पुढे केला. त्याचे वडील, नामा भोईर, महिन्याभरापूर्वी तळवलीत राहत्या घरी गेले होते. लकवा झाल्यापासून ते अंथरुणावरच होते आणि बोलणं पार बोबडं झालं होतं. जायच्या आदल्या दिवशी ते काहीतरी पुटपुटत होते म्हणून विपुलने ते रेकॉर्ड केलं होतं. शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं आणि त्याखाली एक म्हातारा, तुटक आवाज होता.

"रखमाचं नाव घेतायत बघा," विपुल म्हणाला. "रखमा म्हणजे त्यांना सांभाळायला ठेवलेली बाई. पुढचं काय बोलतायत ते कळत नाही. ते क्लियर पाहिजे मला."

मैत्रीने हेडफोन लावला. रखमा हे नाव तिलाही ऐकू आलं. तिने मशीनची घरघर असलेला रिकामा तुकडा निवडून सॉफ्टवेअरला दाखवला. घरघर गेली, पण तिच्याबरोबर शब्दांचे कोपरेही गेले. नामांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा पोकळ झाला. मग तिने वर्षभरापूर्वी घेतलेलं नवं टूल उघडलं. ते आवाजातल्या तुटलेल्या जागा आपणच भरून काढायचं. पॉडकास्टवाले त्यावर खूश असायचे. तिने बटण दाबलं.

स्पीकरमधून एक म्हातारा माणूस स्वच्छ बोलला : "रखमानी वख दिला."

वख म्हणजे विष. मैत्रीने आवाज बंद केला. तिने वळून पाहिलं तर विपुल मान हलवत होता. रडला नाही, दचकला नाही.

"बरोबर," तो म्हणाला. "मला डाउट होताच. बाबा गेले त्या दिवसापासून तिचा फोन बंद आहे. दहाव्यालापण आली नाही. काही केलं नसतं तर पळाली कशाला?"

"दादा, एक मिनिट. हे टूल..."

"पेनड्राइव्हवर द्या."

तिने दिलं. तो गेल्यावर ती बराच वेळ बंद दाराकडे बघत बसली. बापाला विष घातलं हे ऐकून माणूस हादरतो. याच्या चेहऱ्यावर तर पेपर सोपा गेल्यासारखा भाव होता. याला हेच ऐकायचं होतं का? आणि हवं होतं, तर का?

आठवड्याभरात ती क्लिप तिच्याच फोनवर येऊन धडकली. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकली होती : केअरटेकर ठेवताना सावध राहा. खाली रखमाचा फोटो. रुंद कपाळाची, चाळिशीची बाई, कॅमेऱ्याकडे न बघणारी. त्याखाली रागाच्या इमोजींची रांग. कोणीतरी लिहिलं होतं, हिच्या एजन्सीने हिला काढून टाकलंय, आता पोलिसातही द्या.

मैत्रीने लॅपटॉप उघडला. मूळ रेकॉर्डिंग घेतलं, त्याच टूलमधून परत काढलं, फक्त सेटिंग जरासं कमी ठेवलं. म्हातारा आवाज तितक्याच स्वच्छपणे म्हणाला : "रखमाला वेळ दिला."

तिने पुन्हा लावलं. वेळ दिला. सेटिंग वाढवलं. वख दिला. आवाज दोन्हींत नामा भोईरांचाच, खोकल्यासकट. त्या माणसाने यातलं काय म्हटलं होतं? यातलं काही म्हटलं तरी होतं का?

तिने विपुलला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडे तो हसला. ते हसू चांगलं नव्हतं.

"मॅडम, तुमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे ना? ती रखमापण तुमच्यातलीच. जालन्याकडची. बोलली का ती तुमच्याशी?"

"मी तिला ओळखतसुद्धा नाही."

"असं कसं? आधी एक सांगता, क्लिप व्हायरल झाली की दुसरं सांगता. कोणी काय दिलं तुम्हाला?"

मैत्रीचे कान तापले. फोन ठेवावा असं वाटलं. पण ठेवला असता तर त्याने तिचं गप्प बसणंही आपल्या सोयीने ऐकलं असतं.

"ते ऑक्सिजनचं मशीन अजून घरी आहे?" तिने विचारलं.

"आहे. परत न्यायला कोणी आलं नाही. का?"

"मी येते. तुमच्या घरी, तुमच्यासमोर करून दाखवते. नंतर काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा."

तळवलीतलं भोईरांचं घर आता तीन मजली होतं. खालचे दोन मजले भाड्याने दिलेले, वर विपुल आणि त्याची आई पुतळाबाई. विपुल दिवसभर द्रोणागिरीला कंटेनरच्या गोडाऊनवर असायचा, त्यामुळे नामांच्या आजारपणात घरात पुतळाबाई आणि रखमा अशा दोघीच होत्या. मैत्री गेली तेव्हा पुतळाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"आईला आत जाऊ द्या," विपुल हलक्या आवाजात म्हणाला. "तिला ऐकवलं नाही मी. त्रास होईल."

"कसला तरास?" पुतळाबाईंनी विचारलं. त्या हलल्या नाहीत.

मैत्रीने मशीन सुरू करायला सांगितलं. घरघर खोलीभर पसरली. तिने विपुलच्या हातात त्याचाच फोन दिला. "मी खिडकीशी जाते. तुम्ही तोंडावर रुमाल धरून काहीही बोला. मला सांगू नका."

विपुलने तिच्याकडे संशयाने पाहिलं, पाठ केली आणि रुमालात काहीतरी पुटपुटला. मैत्रीने ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं आणि टूलमधून काढलं. स्पीकरमधून खुद्द विपुलचा आवाज आला, खणखणीत :

"दादांची चावी रोहनकडे आहे."

विपुल लॅपटॉपजवळ आला.

"काय बोलला होतात?" मैत्रीने विचारलं.

"गोडाऊनची चावी ड्रॉवरमध्ये आहे." तो लॅपटॉपकडे बघत होता. "रोहन कोण?"

"तुमच्या ओळखीत आहे कोणी?"

"नाही."

"माझ्याही नाही. या टूलला आवाज नीट मिळाला नाही, तर ते अंदाजाने शब्द भरतं. तुमच्याच आवाजात भरतं. त्या दिवशी मी हे तुम्हाला सांगायला हवं होतं. नीट सांगितलं नाही."

विपुल खुर्चीत बसला. मशीन चालूच होतं. ते पुतळाबाईंनी पुढे येऊन बंद केलं.

"त्याचा आवाज हाय ना तुझ्याकडं?" त्या मैत्रीला म्हणाल्या. "मना ऐकव. साफबीफ केलेला नको. हाय तसा."

विपुल काही बोलायच्या आत मैत्रीने मूळ रेकॉर्डिंग लावलं. घरघर, आणि त्याखाली नामा. पुतळाबाई स्पीकरला कान लावून ऐकत राहिल्या. परत लाव, म्हणाल्या. मैत्रीने लावलं.

"यात रखमा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीलाच बोलतायत, आई," विपुल म्हणाला.

"त्यो तिला रखमा कवा बोलला रं? बाय बोलायचा. सगला दिस बाय, बाय. तू घरात असतास तर तुना कलला असता."

विपुलची मान खाली गेली. ते नाव मैत्रीलाही ऐकू आलं होतं, कारण ऐकायच्या आधी तिला ते सांगितलं गेलं होतं.

"वाकटी मागतो त्यो," पुतळाबाई म्हणाल्या.

"काय?" मैत्रीने विचारलं.

"सुकी वाकटी, खारी मासली. डॉक्टरनी मीठ बंद केला, तवापासून पोरासारखा मागं लागलेला. बाय, वाकटी दे ना. बाय, वाकटी दे ना." त्यांचा आवाज चिरकला. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "मीच आनली. जासईच्या बहिनीकडना. तू वरडशील म्हनून तांदलाच्या डब्यात ठेवलेली. त्या सकाली भाजून रखमाच्या हातात दिली. ती नको बोलत व्हती. मीच बोलली, दे त्याला बोटभर. आनी संध्याकाली त्यो गेला."

मैत्रीने स्पीकर बंद केला.

"म्हनून रखमा येत नाय," पुतळाबाई म्हणाल्या. "ती घाबरली. मी पन घाबरली. तू घरात सारखा संशय संशय करत व्हतास, मना वाटला, तुना वाकटीचा कलला. म्हनून मी गप बसली." मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "वाकटीनीच गेला का रं त्यो?"

विपुल उठून आईजवळ जमिनीवर बसला. "नाही," तो म्हणाला. "लकव्याचा दुसरा अटॅक आला होता, आई. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं मला, कधीही येऊ शकतो. तुला बोललो नव्हतो मी. मलाच ते मानायचं नव्हतं, कोणाचा तरी दोष हवा होता." आणि त्या दिवशी स्टुडिओत जो रडला नव्हता तो आता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला.

मैत्रीने हेडफोनवर रेकॉर्डिंग पुन्हा एकदा लावून पाहिलं. आता तिलाही 'वाकटी' ऐकू येत होतं. आणि म्हणूनच तिचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. नामा भोईर शेवटी काय म्हणाले, ते कळायचा मार्ग उरला नव्हता. तिने ते तसंच विपुलला सांगितलं. तो या वेळी हसला नाही.

त्याच संध्याकाळी विपुलने सगळ्या ग्रुपवर लिहिलं की क्लिप खोटी आहे, रखमाताईंचा काही दोष नाही, चूक माझी आहे. मैत्रीनेही खाली आपल्या नावासकट लिहिलं की तो आवाज मी तयार केला. काहींनी हात जोडलेले इमोजी टाकले. एकाने लिहिलं, 'सेटलमेंट झालेली दिसते.' क्लिप आणखी कुठे कुठे गेली होती, ते कोणालाच माहीत नव्हतं.

रखमाचा पत्ता एजन्सीने आढेवेढे घेत दिला. दिघ्यात टेकडीच्या उतारावर एक खोली. पुतळाबाईंनी हट्टाने विपुलबरोबर स्वतः यायचं ठरवलं, आणि मैत्रीलाही ओढून नेलं.

दार थोडंसंच उघडलं. आतून साखळी तशीच होती. फटीतून रखमाने आधी विपुलला पाहिलं, मग मैत्रीला.

"ही कोण? पोलीस?"

"नाही ताई. मी ते... तो आवाज मी साफ केला होता."

"तुम्ही." रखमा तिच्याकडे बघत राहिली. "माझ्या लेकीनं ऐकली ती क्लिप. कॉलेजात कोणी तरी दाखविली. घरी येऊन मला म्हणती, आई, खरं सांग. पोटची लेक अशी इचारती."

मैत्रीने हात जोडले.

"ताई, मी एजन्सीशी बोललोय," विपुल म्हणाला. "ते परत घेतील. आणि तुमच्या मुलीशी मी स्वतः..."

"तिच्याशी तुम्ही काय बोलणार? तिनं कानानं ऐकलंय." रखमाचा आवाज चढला नाही. "आता मी काही बी म्हणलं तरी ती माझ्या तोंडाकडं बघती."

पुतळाबाई पुढे झाल्या. पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. "बाय," त्या म्हणाल्या, "तुझ्या लेकीला बोलाव. वाकटी डब्यात कुनी लपवली, कुनी भाजली, कुनी द्यायला लावली, ते मी सांगते तिला. माझ्या तोंडानी. मशीन नको."

रखमाने पुतळाबाईंकडे पाहिलं. मग तिने दार लोटलं. आत साखळी खळकन वाजली आणि दार पूर्ण उघडलं.

"आई, तुम्ही या आत," ती म्हणाली. "पोरगी घरातच हाय. ह्या दोघांना बाहेर थांबू द्या."

विपुल आणि मैत्री बोळात उभे राहिले. आतून पुतळाबाईंचा आवाज येत होता, मधेच एका मुलीचा प्रश्न, मग पुन्हा पुतळाबाई. समोरच्या घरातला टीव्ही मोठ्याने चालू होता, त्यामुळे शब्द नीट कळत नव्हते. विपुलने कान देऊन मैत्रीला विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"मला नाही ऐकू येत," मैत्री म्हणाली, आणि दोघे थांबून राहिले.