उलटा प्रश्न

तीस तास भरले की दोन क्रेडिट, एक प्रमाणपत्र आणि पुढच्या अर्जावर शोभणारी सेवाकार्याची ओळ. मुलीच्या पदरात एवढं पडणार होतं. कॉलेजने तिच्या वाट्याला दिले होते शिंपीमास्तर. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द गेले होते.

कॉलेजच्या मॅडमनी बजावलं होतं, या आजारात मानेवर भरवसा नाही. ‘नाही’ म्हणायचं असतं आणि मान ‘हो’ म्हणते. म्हणून दर वेळी प्रश्न उलटा करूनही विचारायचा.

मुलीने एकोणतीस तास ते इमानाने केलं. “मास्तर, चहा हवाय?” मान हलायची. “चहा नकोय?” तशीच हलायची. मग कप पुढे करून बघायचा.

“चहा विचारतेस की साक्ष घेतेस?” मास्तरांची बायको, काकू, म्हणायच्या.

तिसाव्या तासाला मास्तरांचा पुतण्या मशीन न्यायला टेम्पो घेऊन आला. शिलाई मशीन खिडकीशी दोन वर्षं बंद होती. काकूंना तिथे मास्तरांची खाट लावायची होती, त्यांना उजेड मिळावा म्हणून.

“तूच विचार, बाई. मी विचारलं तर आयुष्यभर माझ्याकडे बघत बसतील.”

“मास्तर, मशीन पुतण्याला द्यायची?”

मान हलली. खाली हॉर्न वाजला. मुलीने घड्याळ बघितलं. उलटा प्रश्न ओठांपर्यंत आला होता, पण काकूंनी तोवर मशीनवरची चादर काढलीसुद्धा. मुलीने सेवेच्या तासांच्या वहीत लिहिलं, ‘निर्णय स्वतः घेतला.’ त्या ओळीखाली मास्तरांनी डाव्या हाताने सही केली, दर वेळी करत तशी, न वाचता.

मशीन उचलताना तोच हात चाकावर येऊन बसला.

“घ्या, शेवटचं फिरवून घ्या,” काकू मायेने म्हणाल्या.

हात फिरेना, सुटेना. पुतण्याने एकेक बोट हळूच सोडवलं.

टेम्पो गेल्यावर मुलगी मास्तरांसमोर बसली. “मास्तर, मशीन ठेवायची होती?”

मान तशीच हलली. डोळे मात्र रिकाम्या फरशीवर होते.

“आता विचारतेस?” काकू म्हणाल्या, आणि हातातली चादर घडी करत राहिल्या.

मुलीला तीस तास मिळाले, पुतण्याला मशीन, काकूंना खिडकीशी जागा. गेलं ते मास्तरांचं, आणि वहीत त्याखाली सहीही त्यांचीच होती.