खालचा कठडा

इमारत उभी राहून एकशे बारा वर्षं झाली होती, आणि ती जुनी आहे हे पुरातत्त्व खात्याला गेल्या महिन्यात कळलं. मग खात्याने एक तज्ज्ञ पाठवला. मूळचं काय आणि मागाहून चिकटवलेलं काय, हे तो ठरवणार होता. मूळचं ते राहणार, मागाहूनचं ते दुरुस्तीत उखडणार.

हे ऐकून चौथ्या मजल्यावरचा म्हातारा सुतार जिन्यात येऊन उभा राहिला. जिन्याला दोन कठडे होते. वरचा बिडाचा, मूळचा. त्याच्या वीतभर खालचा लाकडी कठडा सुताराने बायकोसाठी बसवला होता. ती ठेंगणी. वरचा कठडा थेट तिच्या काखेत यायचा. "हा जिना काय उंटांसाठी बांधलाय?" असं तिने घरात पाऊल टाकायच्या आधीच विचारलं होतं. ती जाऊन आठ महिने झाले होते. सुतार अजून खालचाच कठडा धरून, वाकून चार मजले चढायचा. कंबर बोंबलायची. बोंबलू दे.

तज्ज्ञाने खालचा कठडा ठोकला, हुंगला आणि डोळे मिटले.

"वा! शंभर वर्षांचं लाकूड! आणि हा जोड बघा. हल्लीच्या सुतारांच्या बापाला जमणार नाही."

लाकूड भंगारातल्या जुन्या दरवाजाचं होतं आणि जोड हल्लीच्याच सुताराचा होता. सुताराने तोंड उघडलं, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवालीने त्याला कोपराने ढोसलं.

"भाऊजी, तोंडाला कुलूप! मूळचा म्हणतोय ना? म्हणू दे."

"मालकाने मुलांसाठी केलेला दिसतो," तज्ज्ञ म्हणाला. "पितळी पाटी लावू. 'बालकांचा कठडा'."

कठडा वाचला होता. आता फक्त गप्प बसायचं होतं. पण तज्ज्ञाने तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे ती दम खायला थांबायची, तिथल्या झिजलेल्या लाकडावरून बोट फिरवलं. "खोडकर पोरं! घसरून घसरून झिजवलंय."

"पोरंबिरं कोणी नाही!" सुतार ओरडला. "बायको होती माझी. एकतीस वर्षं चढली ती. हा कठडा मी बसवलाय, मी!"

शिवणकामवालीने कपाळावर हात मारला.

तज्ज्ञाने, वेड्याची समजूत काढावी तसा, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, प्रत्येक इमारतीत तुमच्यासारखा एक जण भेटतोच. परवा एका आजोबांनी अख्खा घुमट स्वतः बांधल्याचं सांगितलं."

"हत्यारं आणून दाखवतो."

"राहू द्या. लाकूड खोटं बोलत नाही. कठडा मूळचाच." त्याने वही उघडून 'लोककथा' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. "पण गोष्ट गोड आहे तुमची. पाटीवर बारीक अक्षरांत घालू. पूर्वी इथे एक ठेंगणी बाई राहायची, असं."

"ऐका!" शिवणकामवाली पदर तोंडाला लावून हसायला लागली. "ताई पुराणात गेल्या!"

"उंची किती होती म्हणता?" तज्ज्ञाने पेन सरसावलं.

सुताराचं माप उभ्या जन्मात एका सुतानेही चुकलं नव्हतं. चार फूट आठ इंच. त्याने स्वतः दाराच्या चौकटीला उभं करून मोजली होती. ती मात्र शेवटपर्यंत नऊच सांगायची, आणि आठ म्हटलं की दिवसभर बोलायची नाही.

"नऊ," सुतार म्हणाला. "चार फूट नऊ. नीट लिहा."